अंगावरचे दूध, वरचे दूध आणि हिरकणीचा दरवाजा

मराठीत तान्ह्या मुलाच्या दुधाला दोन नावे आहेत: ‘अंगावरचे दूध’ आणि ‘वरचे दूध’. दोहोंत फरक आहे तो ‘अंग’ या एका शब्दाचा. आईचे अंग वगळले की जे उरते ते ‘वरचे’. ‘वरखर्च’, ‘वरकमाई’ या शब्दांत ‘वर’ची जी छटा आहे, म्हणजे मूळ हिशेबाबाहेरचे, बाहेरून आलेले, तीच येथेही आहे. दूध गाईचे असो, शेळीचे असो वा डब्यातल्या भुकटीचे, भाषेच्या लेखी ते एकाच खात्यात जमा होते.

गेल्या काही दशकांत मात्र आपल्या घरांत एक तिसरे दूध आले आहे. ते आईचेच असते, पण अंगावर पाजलेले नसते. हाताने अथवा पंपाने काढून बाटलीत भरलेले, शीतकपाटात ठेवलेले आणि आई घरी नसताना आजीने किंवा सांभाळणाऱ्या बाईने पाजलेले असे हे दूध आहे. त्याला मराठीत अद्याप रुळलेले नाव नाही. ‘काढलेले दूध’ म्हणावे, तर दूध काढणे ही आपल्याकडे गोठ्यातली क्रिया आहे. अनेक बायकांना हा शब्दप्रयोग स्वतःविषयी करताना संकोच वाटतो, तो यामुळेच. जी वस्तू घरात आली पण जिला नाव मिळाले नाही, तिच्याविषयी समाजाने अजून पुरता विचार केलेला नाही असे खुशाल समजावे.

‘अंगावर पिणाऱ्या बाळाला पंपाने काढलेले दूध बाटलीतून केव्हापासून द्यावे?’ हा प्रश्न आज रजा संपत आलेली प्रत्येक नोकरदार बाळंतीण विचारते. वैद्यकाकडे त्याचे उत्तर आहे आणि त्याकडे आपण पुढे येऊच. परंतु या प्रश्नातला ‘केव्हा’ हा शब्द वैद्यकाइतकाच इतिहासाचाही आहे. दूध आईच्या अंगापासून वेगळे करण्याची वेळ आजवर कोणी ठरवली, बाळाच्या वाढीने की आईच्या कामाने, आणि त्या ठरवण्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

१. धात्री आणि तिचे मूल

आईच्या दुधाला पर्याय शोधणे ही आधुनिक काळाची निकड आहे, असा एक समज असतो. आपले प्राचीन वैद्यकग्रंथ उघडले की तो टिकत नाही. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानांत धात्रीची, म्हणजे दूध पाजण्यासाठी ठेवायच्या दाईची, लक्षणे सविस्तर दिली आहेत. ती तरुण असावी, निरोगी असावी, शांत स्वभावाची असावी, तिचे दूध पाण्यात टाकले असता एकजीव व्हावे, इत्यादी. अष्टांगहृदयाचा कर्ता वाग्भट याच्याही पुढे जातो. आईचे वा दाईचे दूध नसेल तर शेळीचे किंवा गाईचे दूध विशिष्ट वनस्पतींनी संस्कारित करून द्यावे, असे तो सांगतो. ‘वरच्या दुधा’चा हा शास्त्रोक्त विधीच म्हणायचा.

या लक्षणांच्या यादीत एक शब्द आहे, ‘जीवद्वत्सा’. जिचे स्वतःचे मूल जिवंत आहे अशी. हेतू उघड आहे: जिचे मूल जगले, तिचे दूध चांगले असणार. मात्र ते जिवंत मूल, त्याची आई दुसऱ्याच्या घरी पाजायला गेल्यावर, काय पीत असेल, याविषयी ग्रंथ बोलत नाहीत. धात्रीचे दूध कसे पारखावे हे सांगितले आहे. धात्रीच्या मुलाचे काय करावे हे सांगितलेले नाही. मला वाटते, येथून पुढच्या दोन हजार वर्षांचा प्रश्न या एका विशेषणात गोठलेला आहे.

मराठ्यांच्या इतिहासातले याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे धाराऊ. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृती ढासळलेली होती आणि १६५९ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. बाळराजांना दूध पाजण्यासाठी जवळच्या कापूरहोळ गावची धाराऊ गाडे आली. तिचे मुलगे हे संभाजी महाराजांचे दूधभाऊ. ‘दूधभाऊ’ हा शब्द किती नेमका आहे पाहा. रक्ताचे नाते नसलेल्या दोन मुलांना एका बाईच्या दुधाने भाऊ केले, अशी कृतज्ञता त्यात आहे. पण वाटणी झाल्याशिवाय भाऊपण येत नाही, हेही त्यात आहे. धाराऊचे नाव इतिहासाने जपले, ते राजपुत्रामुळे. वाड्यावाड्यांतून पाजलेल्या इतर असंख्य दायांची नावे जपली जाण्याचे काही कारणच नव्हते.

याच ग्रंथांमध्ये आणखी एक निरीक्षण आहे आणि ते आजच्या वाचकाला चकित करील. सुश्रुताच्या मते मुलाच्या स्पर्शाने, दर्शनाने, इतकेच नव्हे तर नुसत्या स्मरणानेही दूध स्रवू लागते. त्याचे कारण अखंड स्नेह. उलट क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी दूध आटते. आपली ‘पान्हा फुटणे’ आणि ‘पान्हा चोरणे’ ही दोन क्रियापदे याच अनुभवातून आलेली आहेत. वासरू समोर नसेल तर गाय पान्हा चोरते, हे खेड्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आधुनिक शरीरशास्त्र या गोष्टीला संप्रेरकांच्या भाषेत मांडते. पंप वापरणाऱ्या आईला आज दवाखान्यात सल्ला मिळतो तो असा, की दूध काढताना बाळाचे छायाचित्र समोर ठेवा, त्याचे झबले जवळ घ्या. सुश्रुताने म्हटलेले ‘स्मरण’ ते हेच.

अर्थात प्राचीनांचे सारेच ग्राह्य होते असे नाही. दूध तीन-चार रात्रींनंतर उतरते, असे सुश्रुत म्हणतो आणि तोवर मध-तुपाचे चाटण सांगतो. पहिल्या दिवसांतला पिवळसर चीक वाया घालवण्याची रूढी पुढे घरोघर पक्की झाली. गाईच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी आवडीने वाटणाऱ्या घरात नातवंडाच्या वाट्याचा चीक मात्र पिळून टाकला जात असे. जन्मानंतर तासाभरातच बाळाला अंगावर घ्यावे, चीक हेच त्याचे पहिले अन्न आणि पहिले संरक्षण, हे आजचे वैद्यक सांगते. ही जुनी विद्या नव्या वैद्यकाच्या दारात नेणारी पहिली मराठी स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्यांचे स्वतःचे मूल अवघे दहा दिवस जगले होते, हे लक्षात घेतले की विषयाची ती निवड केवळ विद्वत्तेची राहत नाही.

२. बोंडले, बाटली आणि डबा

दाई परवडत नसे त्या घरात काय होते? बोंडले होते. पितळेचे अथवा चांदीचे, चोच असलेले छोटे भांडे. बाळाला मांडीवर आडवे घेऊन त्या चोचीने थेंब थेंब दूध तोंडात सोडायचे. आजही बाळंतविड्यात चांदीचे बोंडले देण्याची हौस काही घरांत आहे. बोंडल्याची मोठी गुणवत्ता म्हणजे ते उघडे असते. घासता येते, उकळता येते, आत काय आहे ते दिसते. शिवाय त्याने पाजताना माणूस समोर बसावाच लागतो.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत बाटली आली. १८४५ मध्ये एलिजा प्रॅट या अमेरिकन गृहस्थाने रबरी बोंडीचे पेटंट घेतले. पुढे लांब रबरी नळीच्या काचेच्या बाटल्या लोकप्रिय झाल्या. त्यांची सोय अशी की, बाटली बाजूला ठेवून नळीचे टोक बाळाच्या तोंडात दिले की आई कामाला मोकळी. म्हणजे येथेही कामाने ‘केव्हा’ ठरवले. त्या नळीच्या आतला भाग मात्र धुताच येत नसे. आंबलेल्या दुधाचे थर साचत आणि मुले जुलाबांनी दगावत. इंग्रजीत या बाटल्यांना खुनी बाटल्या असेच नाव पडले. फ्रान्सने १९१० मध्ये कायद्याने त्यांवर बंदी घातली. जंतुशास्त्र तोवर चांगलेच प्रगत झाले होते. तरीही बाटली इतकी वर्षे टिकली, याचे कारण ती ज्या गरजेतून आली ती गरज टिकून होती.

बाटलीबरोबर डबा आला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८६५ मध्ये आणि पाठोपाठ १८६७ मध्ये हेन्री नेस्ले याने आईच्या दुधाला पर्यायी अशी मिश्रणे तयार केली. ज्यांना आईचे दूध मिळूच शकत नव्हते, अशा अर्भकांना वाचवणे हा त्यामागचा उद्देश होता आणि त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्लॅक्सोच्या भुकटीने गुटगुटीत बाळांचे चित्र जाहिरातीत आणले. बाळाचे निरोगीपण म्हणजे त्याचा गुबगुबीतपणा, हे समीकरण आपल्या मध्यमवर्गाच्या मनात रुजण्यात अशा चित्रांचा वाटा मोठा आहे. गावोगावच्या गुटगुटीत बालक स्पर्धा याच समीकरणाच्या लेकी.

डब्याचे दुखणे डब्यात नव्हते. ते पाण्यात, दारिद्र्यात आणि जाहिरातीत होते. स्वच्छ पाणी नाही, इंधन नाही, महाग भुकटी पुरवून पुरवून वापरायची, अशा घरात बाटली गेली की तिचे काय होते, हे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापुरातल्या रोटरी क्लबच्या भाषणात सुनावले. भाषणाच्या नावातच त्यांनी दूध आणि खून हे दोन शब्द शेजारी ठेवले होते. पुढे १९७४ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेली एक पुस्तिका, १९७७ पासून नेस्लेविरुद्धचा बहिष्कार आणि अखेर मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने संमत केलेली विक्रीसंहिता, असा हा प्रवास आहे. संहितेच्या बाजूने ११८ मते पडली. विरोधी मत एकच, अमेरिकेचे. भारताने १९९२ मध्ये कायदा केला. डब्यावर बाळाचे वा बाईचे चित्र छापण्यास मनाई झाली आणि आईचे दूधच सर्वोत्तम अशी सूचना छापणे बंधनकारक झाले.

हा कायदा निःसंशय चांगला आहे. पण त्या सूचनेचे व्याकरण पाहावे. ती सूचना कोणाला उद्देशून आहे? डबा हातात घेतलेल्या बाईला. तिला घराबाहेर आठ-दहा तास ठेवणाऱ्याला उद्देशून अशी सूचना कोठेच छापलेली नसते.

३. गिरणीचा भोंगा

‘आठ-दहा तास’ हे मुंबईच्या गिरण्यांच्या संदर्भात अक्षरशः खरे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोकण-घाटावरून आलेल्या हजारो बायका गिरण्यांत, विशेषतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, काम करीत. भोंगा झाला की आत आणि भोंगा झाला की बाहेर. तान्हे मूल मागे चाळीतल्या खोलीत, म्हाताऱ्या सासूपाशी किंवा सहा-सात वर्षांच्या थोरल्या बहिणीपाशी. ते रडू नये, झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई. ‘बाळागोळी’ हे तिचे बाजारी नाव. १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई सरकारने नेमलेल्या स्त्री-डॉक्टरच्या पाहणीत ही प्रथा किती सर्रास होती ते नोंदले गेले. त्याच सुमारास, १९२१ साली, मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकमृत्यूंची नोंद आहे. जन्मांची नोंद अपुरी होती, बायका बाळंतपणासाठी गावी जात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. तो निम्म्यावर आणला तरी अंगावर काटा येतो.

एरवी सुखवस्तू घरांतल्या आठवणींतून बाळगुटी, धुरी, शेक, डिंकाचे लाडू असे बाळंतपणाचे जे रम्य चित्र आपल्या वाङ्मयात येते, त्याच्या शेजारी हे चित्र ठेवून पाहिले पाहिजे. पान्हा दाटून येण्याची वेदना दोन्हीकडे सारखीच. एकीकडे मूल कुशीत, दुसरीकडे दोन मैलांवर अफूच्या गुंगीत.

१९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीकामगार स्त्रियांना प्रसूतिभत्ता देण्याचे विधेयक चर्चेला आले. त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. राष्ट्राच्या हिताचे म्हणून खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलावा हे त्यांना मान्य होते. परंतु मालक बायकांना कामावर ठेवतो ते त्यातून त्याला लाभ होतो म्हणून, तेव्हा त्यानेही हा भार काही अंशी वाहिला पाहिजे, असे त्यांनी बजावले. १९२९ मध्ये कायदा झाला. मूल पाजणे ही बाईची खाजगी बाब नसून श्रमाच्या हिशेबातली बाब आहे, असे सार्वजनिकरीत्या मांडले जाण्याचा आपल्याकडचा हा फार महत्त्वाचा क्षण होता.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली. त्यांपैकी जास्तीत जास्त सहा बाळंतपणापूर्वी घेता येत. कामावर परतल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी देण्याचीही तरतूद होती. २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हे धोरण स्वीकारले. आपल्याकडची रजा सव्वीस आठवड्यांची झाली ती २०१७ मध्ये. पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा, हेही त्याच दुरुस्तीत आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि या तरतुदी तिच्यात सामावल्या गेल्या.

आता हे आकडे बाळाच्या वयात मांडून पाहावेत. कायदा नव्हता तेव्हा आई कामावर गेली की मूल काही आठवड्यांचे, कधी काही दिवसांचेच. १९६१ नंतर सहा ते बारा आठवड्यांचे. २०१७ नंतर सुमारे चार ते सहा महिन्यांचे. ‘वरचे दूध केव्हा?’ या प्रश्नाचे उत्तर दर पिढीत बदलत गेले; बाळाचे पोट मात्र त्या शंभर वर्षांत बदललेले नाही.

४. पंप

पंप हे या इतिहासातले सर्वांत नवे पात्र वाटते, पण तेही तितके नवे नाही. अमेरिकेत ओरवेल नीडहॅम याने १८५४ मध्ये पंपाचे पेटंट घेतले होते. ती साधने मुख्यतः दाटलेल्या स्तनांना आराम देण्यासाठी किंवा ओढू न शकणाऱ्या अशक्त बाळांसाठी होती. आजच्या यंत्राचा खरा पूर्वज म्हणजे स्वीडनचा अभियंता आयनार एग्नेल. गाईंच्या दोहनयंत्रांचा अभ्यास करून, सौम्य आणि लयबद्ध ओढीने इजा न होता दूध काढता येईल असा पंप त्याने तयार केला आणि १९५६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढची काही दशके पंप रुग्णालयांत राहिला. १९९० नंतर तो घरात आला. तो पिशवीत बसेल एवढा लहान होण्याचा आणि मध्यमवर्गीय स्त्रिया लहान मुले घरी ठेवून कार्यालयात जाऊ लागण्याचा काळ एकच असावा, हा योगायोग नव्हे. गोठ्यातून आलेले हे यंत्र आणि गोठ्यातूनच आलेले ‘दूध काढणे’ हे क्रियापद, दोघांनी एकमेकांना बरोबर शोधून काढले, असे म्हणावे लागते.

येथे वैद्यकाचे उत्तर सांगणे योग्य ठरेल. आईचे दूध मागणीनुसार तयार होते. बाळ जितके ओढील तितके पुढे बनते. पहिल्या काही आठवड्यांत हे गणित बसत असते. बाटलीतून दूध वेगळ्या रीतीने आणि बहुधा सहज येते, म्हणून या काळात बाटली दिली तर काही बाळे अंगावर ओढण्यास नाखूश होतात आणि मागणी घटली की दूधही घटते. यास्तव अंगावर पिणे नीट रुळेपर्यंत, साधारण तीन ते चार आठवडे, बाटली देऊ नये आणि कामावर परतण्यापूर्वी दोन-तीन आठवडे दूध काढून साठवण्याचा सराव सुरू करावा, असा सल्ला दिला जातो. याला मोठा अपवाद आहे तो अपुऱ्या दिवसांच्या वा आजारी बाळांचा. तेथे पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करावी लागते, कारण ते काही थेंबही औषधासारखे असतात.

आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ याला एक जोड देतात: काढलेले दूध बाटलीऐवजी वाटी-चमच्याने द्या. नवजात अतिदक्षता विभागांत त्यासाठी ‘पलाडाई’ नावाचे दक्षिणेकडचे चोचीचे भांडे वापरतात. ते पाहिले की बोंडल्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दीडशे वर्षे बाटलीच्या मागे धावून वैद्यक पुन्हा उघड्या, घासता येणाऱ्या, समोर माणूस बसवणाऱ्या भांड्याकडे आले आहे.

या संदर्भात मुंबईचा एक अभिमानास्पद अध्याय सांगितला पाहिजे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती आशियातली पहिली. जिला दूध जास्त आहे तिने द्यावे, ते ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करावे आणि ज्या कमी वजनाच्या बाळाच्या आईला दूध नाही त्याला द्यावे, अशी ही व्यवस्था. धात्रीची जुनीच कल्पना, पण तिच्यातला अन्याय वगळून. येथे देणारीचे मूल उपाशी राहत नाही, कारण जे उरते तेच घेतले जाते. मात्र अनेकींचे दूध एकत्र होत असल्यामुळे दूधभाऊ कोण, हे आता कोणालाच कळत नाही.

पंप वाईट आहे, असे यातून सुचवायचे नाही. अनेकींना त्यानेच नोकरी आणि मूल दोन्ही राखता आले आहे. ज्यांना दूध येत नाही, औषधोपचारामुळे पाजता येत नाही किंवा ज्यांनी काही कारणाने न पाजण्याचे ठरवले आहे, त्यांच्यावर डबा वापरल्याचा ठपका ठेवण्याचाही अधिकार कोणाला नाही. मुद्दा वेगळा आहे. पंप दुधाला आईपासून वेगळे करतो, पण कामाच्या वेळेला धक्का लावत नाही. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार तास आणि शीतकपाटात चार दिवस टिकते, असे माहितीपत्रक सांगते. विदर्भातला वैशाख आणि भारनियमन त्या पत्रकात नसतात. दूध काढण्यासाठी लागणारी वीस मिनिटे आणि कडी असलेली खोलीही कामाच्या जागी गृहीत धरलेली असते, आणि ती बहुतेकींना मिळत नाही.

५. दरवाजा

आता हिरकणी. रायगडाच्या पायथ्याची ही गवळण गडावर दूध विकायला येते. कोजागिरीची पौर्णिमा. विकता विकता उशीर होतो, सूर्य मावळतो, दरवाजे बंद होतात. पहारेकरी दार उघडत नाही. घरी तान्हे मूल. ती अंधारात कडा उतरून जाते. महाराजांना कळल्यावर ते तिचा गौरव करतात आणि त्या जागी बुरूज बांधून त्याला तिचे नाव देतात. कथेला समकालीन कागदाचा आधार नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी सांगितलेले आहे. पण लोकांनी ती शतकानुशतके सांगितली, पाठ्यपुस्तकांनी शिकवली, एस.टी.च्या निमआराम गाडीला तिचे नाव मिळाले, २०१९ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. जी गोष्ट समाज इतक्यांदा सांगतो, ती कागदाशिवायही एक पुरावा असते. फक्त कशाचा, ते विचारले पाहिजे.

आपण ती मातृप्रेमाच्या सामर्थ्याची कथा म्हणून वाचत आलो. तसे वाचण्यात चूक नाही. पण थोडे थांबून वाचले तर इतर गोष्टी दिसू लागतात. हिरकणी दिवसभर गडावर विकते काय? दूधच. दुसऱ्यांच्या मुलांसाठी ‘वरचे दूध’ घेऊन ती वर येते आणि ‘अंगावरचे दूध’ ज्याचे, ते खाली उपाशी असते. पहारेकरी दुष्ट नाही. तो नियम पाळतो. नियमही अन्यायाचा नाही; गडाला संरक्षण हवेच. तरीही सगळा धोका एकटीच्या वाट्याला येतो. कथेच्या शेवटाकडे तर आपले सहसा लक्षच जात नाही. बुरूज का बांधला? कारण एक बाई उतरू शकते तर शत्रू चढू शकतो. म्हणजे तिच्या नावाने जे बांधले गेले, त्याने तिची वाट बंद झाली. दरवाजा बंद होण्याची वेळ मात्र होती तीच राहिली.

कामकरी आईची ही ओढ मराठीला अपरिचित नाही. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या जनाबाईंच्या एका प्रसिद्ध अभंगात कामात अडकलेल्या आईच्या चित्ताचा दृष्टान्त येतो. दळणकांडण करणाऱ्या कवयित्रीलाच तो सुचावा यात नवल नाही. आपण मात्र वर्गात अशा दृष्टान्तांतील वात्सल्य शिकवतो आणि त्यातला ‘काम’ हा शब्द ओलांडून पुढे जातो.

महाराष्ट्रात बसस्थानकांवर, कार्यालयांत स्तनपानासाठी राखलेल्या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ हे नाव आहे. कल्पना स्तुत्य आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे आपले अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा या कक्षाची चर्चा राज्यभर झाली. २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात मिळालेला कक्ष धुळीने भरलेला आहे, अशी तक्रार त्यांना माध्यमांसमोर करावी लागली. कायदे करणाऱ्या सभागृहाच्या आवारात ही गत, तर उसाच्या फडात कोपीबाहेर झोळी बांधणाऱ्या बाईने कोणाकडे पाहावे? सव्वीस आठवड्यांची रजा संघटित नोकरीतल्या थोड्या स्त्रियांपुरती आहे. शेतमजूर, बांधकामावरची बिगारी, धुणीभांडी करणारी, ऊस तोडणारी यांच्या ‘केव्हा’चे उत्तर आजही मुकादम किंवा मालकीणबाई देते. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच फिरती पाळणाघरे सुरू केली आणि पुढे ती मुंबई-पुण्यातही आली. मूल जेथे आई राबते तेथे आणणे, हा दुधाला प्रवास घडवण्याहून साधा आणि जुना उपाय आहे. परंतु तो अजून अपवादच आहे.

तेव्हा ‘बाटली केव्हा सुरू करावी?’ असे विचारणाऱ्या मुलीला तीन-चार आठवड्यांचे वैद्यकीय उत्तर जरूर द्यावे. ते तिच्या उपयोगाचे आहे. त्याबरोबर तिला हेही सांगावे, की हा प्रश्न तिच्या दुधाचा किंवा तिच्या मायेचा नाही, आणि उत्तर चुकले तर तो तिचा गुन्हाही नाही. तो भोंग्याचा, हजेरीपटाचा आणि दरवाज्याच्या वेळेचा प्रश्न आहे. आणि आपण, जे वर्गात हिरकणी शिकवतो, त्यांनी धड्याखालच्या प्रश्नांत एकाची भर घालायला हरकत नाही. ‘हिरकणी कडा कशी उतरली?’ हे विद्यार्थ्यांना पाठ असते. ‘दरवाजा का उघडला नाही?’ हे आपण अजून विचारलेले नाही.